१४. धुक्यातील सारस

प्रस्तावना

'फोटोग्राफ' या शब्दासाठी मराठीत दोन शब्द आहेत. एक 'छायाचित्र' आणि दुसरा 'प्रकाशचित्र'. एकाच वस्तूला एका शब्दाने सावलीचे नाव दिले, तर दुसऱ्याने उजेडाचे. दोन्ही नावे योग्यच आहेत, कारण चित्रात किती उजेड राहू द्यायचा आणि किती सावली, हे ठरवण्यातच या कलेचे मर्म आहे.

वन्यजीवांची छायाचित्रे आपण दिनदर्शिकांवर, मासिकांत आणि प्रदर्शनांत नेहमी पाहतो. त्यांपैकी काही केवळ माहिती देतात: हा पक्षी, हा त्याचा रंग, ही त्याची चोच. काही चित्रे मात्र पाहताक्षणी मनात एखादा भाव जागा करतात. धुके, पाऊस, संध्याकाळ, दूरवर उभा असलेला एखादा प्राणी. एवढ्या थोड्या सामग्रीतून ती आपल्याला गंभीर करतात. अशा चित्रांना आपण भावचित्रे म्हणू. पण भाव निर्माण करण्यासाठी छायाचित्रकाराने किती स्वातंत्र्य घ्यावे? समोर जे होते त्यातले काय ठेवावे, काय वगळावे? प्रस्तुत पाठात एका छायाचित्रकाराने स्वतःच्याच एका चित्राची कथा सांगितली आहे. ती वाचताना आपणही या प्रश्नांचा विचार करू या.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
• छायाचित्रातील भाव कोणकोणत्या घटकांमुळे निर्माण होतो, हे सांगू शकाल;
• 'निवड करणे' आणि 'बदल करणे' यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करू शकाल;
• निरीक्षण, कारण व मूल्यमापन या क्रमाने एखाद्या चित्राची समीक्षा लिहू शकाल;
• द्वंद्व व तत्पुरुष समासांची पाठातील उदाहरणे ओळखू शकाल.

१४.१ मूळपाठ

राजस्थानातील भरतपूर शहराला लागूनच केवलादेव घना राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे २९ चौरस किलोमीटरच्या आसपास. परंतु तेथील पाणथळ जागांवर उतरणाऱ्या पक्ष्यांमुळे त्याची कीर्ती जगभर पसरली आहे. १९८५ मध्ये युनेस्कोने त्याचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला. उद्यानात मोटारींची वर्दळ नाही. पायी जावे, सायकलने जावे, नाहीतर सायकलरिक्षात बसावे. तेथील रिक्षाचालक पक्ष्यांचे चांगले जाणकार असतात.

२०१७ च्या जानेवारीत मी प्रथम तेथे गेलो. पहाटे सहाला रिक्षात बसलो तेव्हा धुके इतके दाट होते, की रिक्षाचे पुढचे चाकही मला नीट दिसत नव्हते. रिक्षाचालक साठीच्या घरातले होते. अंगावर घोंगडी, डोक्याला मफलर. अर्ध्या तासाने त्यांनी अचानक पाय थांबवले आणि ओठांवर बोट ठेवले. मला काहीच दिसले नव्हते. त्यांनी बोट दाखवले त्या दिशेला धुक्यातून हळूहळू एक उंच आकृती आकार घेऊ लागली. तो सारस होता.

सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगातील सर्वांत उंच पक्षी. उंची जवळजवळ माणसाएवढी, अंग राखाडी, डोके आणि मानेचा वरचा भाग लालभडक. तो पाण्यात निश्चल उभा होता. त्याच्या मागे, बऱ्याच अंतरावर, लव्हाळ्यांच्या कडेला दुसरा सारस होता. तो म्हणजे धुक्यावर उमटलेली केवळ एक पुसट रेघ होती. मी अकरा छायाचित्रे घेतली. मग धुके आणखी दाटले आणि दोघेही दिसेनासे झाले.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात माझे वडील गेले होते. घरी आई एकटीच असे. सकाळी सवयीने ती चहाचे दोन पेले काढी आणि एक परत फळीवर ठेवी. घरी परतल्यावर संगणकाच्या पडद्यावर ती अकरा छायाचित्रे मी पाहिली, तेव्हा मला त्या पक्ष्यात आई दिसली. मला हवे होते ते चित्र जणू तयारच होते. अडचण एकच होती. मागे दुसरा सारस होता.

मी त्याला पुसून टाकले. संगणकावर हे काम फार सोपे असते. आजूबाजूचे थोडे धुके उचलायचे आणि त्या जागी लावायचे. पाच मिनिटांत तो पक्षी असा गेला, की तो तेथे कधी होता याचा मागमूस राहिला नाही. मग मी रंग काढून चित्र कृष्णधवल केले. उजेड कमी केला. इतका, की धुके राखाडी न राहता काजळासारखे झाले. चारही कडा आणखी काळ्या केल्या. चित्राला नाव दिले, 'विरह'.

आमच्या गावच्या प्रदर्शनात ते चित्र लोकांना आवडले. दोघीतिघींनी डोळे पुसले. प्रदर्शन संपता संपता माझे गुरू आले. त्यांनी आयुष्यातली चाळीस वर्षे अंधाऱ्या खोलीत छायाचित्रे धुण्यात घालवली होती. ते चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "हे दुपारी काढलेस की पहाटे?"

"पहाटे, सर. धुक्यात."

"मग धुके कुठे आहे?"

मी चित्राकडे बोट दाखवले. त्यांनी मान हलवली. "हा अंधार आहे. धुके म्हणजे अंधार नव्हे. धुके म्हणजे पाण्याच्या कणाकणावर विखुरलेला उजेड. धुक्यात जवळची वस्तू गडद दिसते, लांबची फिकी दिसते, आणि त्याहून लांबची नाहीशी होते. त्या फिकट होत जाण्यातच अंतर असते. तू सगळेच काळे केलेस. आता या पक्ष्याच्या मागे मैलभर पाणी आहे की हातभर अंतरावर भिंत आहे, ते कसे कळावे?"

मी गप्प राहिलो. ते पुढे म्हणाले, "आणि रंग का काढलास?"

"कृष्णधवल चित्र अधिक गंभीर वाटते म्हणून."

"गंभीर वाटावे म्हणून? सारसाचे अंग राखाडी, डोके लाल. रंग काढलास की लालही राखाडीच होतो. त्या साऱ्या फिकट पहाटेत रंगाचा एकच ठिपका निसर्गाने ठेवला होता, तो तू विझवलास. कृष्णधवल करायला माझी हरकत नाही. मी जन्मभर तेच केले. पण रंग काढून टाकल्यावर चित्राला काय मिळाले, याचे उत्तर तुझ्यापाशी हवे. काळोख घातला की भाव येतो, ही समजूत सोड. जेवण अळणी झाले म्हणून तिखट वाढवण्यासारखे आहे ते."

त्या दिवशी मला त्यांचा राग आला. घरी येऊन मी स्वतःला समजावले, की सर जुन्या काळातले आहेत. मात्र पुसलेल्या सारसाविषयी मी त्यांना काही सांगितले नाही, आणि का सांगितले नाही याचाही विचार केला नाही.

पुढच्या वर्षी, २०१८ च्या जानेवारीत, मी पुन्हा भरतपूरला गेलो. 'विरह'ची एक चौकट केलेली प्रत मी त्या रिक्षाचालकांसाठी नेली होती. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली. खूप वेळ पाहिली. मग उलटी करून मागची बाजू पाहिली, जणू उरलेले चित्र तिकडे असावे.

"साहेब," त्यांनी विचारले, "याचा जोडीदार कुठे गेला?"

"तो... मागे होता. धुक्यात," मी म्हणालो.

"होता ना. मला आठवते. लव्हाळ्यापाशी होता. ही जोडी मी सात वर्षे पाहतो आहे." त्यांनी चित्र माझ्याकडे परत दिले नाही, पण त्यावरची नजर काढून घेतली. "आमच्याकडे एकटा सारस दिसला, की लोक विचारतात, दुसऱ्याला काय झाले? कुणी मारला का? विजेच्या तारेला लागला का? तुम्ही हे चित्र इथे भिंतीवर लावले असते, तर पाहणारा मला हेच विचारता झाला असता. मी काय सांगितले असते?"

थोडा वेळ रिक्षा चालवून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पूर्वी या उद्यानात सायबेरियातून पांढरे क्रौंच येत. १९६० च्या दशकात ते दोनशेच्या घरात होते. ते पाहण्यासाठी देशोदेशींचे लोक येत आणि त्यांना रिक्षातून नेण्याचे काम रिक्षाचालक करीत. मग ते दरवर्षी कमी होत गेले. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. त्यानंतर कोणी आले नाही. "पुढची दोनतीन वर्षे थंडी पडली, की मी पहाटे त्या जागी जाऊन उभा राहत असे," ते म्हणाले. "धुक्यात पांढरे काही हलले, की वाटायचे, आले. पण बगळा असायचा."

मी काहीच बोललो नाही. ज्या पाण्यावरून एक क्रौंच खरोखरच नाहीसा झाला होता, त्याच पाण्यावरचा दुसरा क्रौंच मी पाच मिनिटांत, केवळ माझ्या मनासारखे व्हावे म्हणून, नाहीसा केला होता. माझे दुःख खोटे नव्हते. पण ते मी ज्याच्या माथी मारले, त्या पक्ष्याचे ते नव्हते. त्याचा जोडीदार तीस पावलांवर उभा होता.

घरी आल्यावर मी मूळ छायाचित्र पुन्हा उघडले. दुसरा सारस जागच्या जागी होता. मी काहीही पुसले नाही. रंग राहू दिले. उजेड कमी करण्याऐवजी किंचित वाढवला, कारण पांढऱ्या धुक्यासमोर कॅमेऱ्याचे माप चुकते आणि तो शुभ्र धुक्याला राखाडी करून टाकतो. आता पुढचा सारस गडद दिसू लागला, मागचा पुसट, आणि दोघांच्यामध्ये ते अंतर दिसू लागले, जे सर शोधत होते. ते चित्र 'विरह'पेक्षा कमी दुःखी होते की अधिक, हे मला आजही सांगता येत नाही. एक जवळ आहे, एक दूर आहे. धुके दाटले तर दुसरा दिसेनासा होईल, पण तो असेल. मी त्या चित्राला नाव दिले नाही. खाली फक्त लिहिले: 'सारस जोडी, केवलादेव, जानेवारी २०१७'.

त्याची एक प्रत मी रिक्षाचालकांना पाठवली, एक सरांना दिली आणि एक घरी लावली. आईने काम करता करता तिच्याकडे पाहिले. पदराला हात पुसत जवळ आली. पुसट रेघेवर तिने बोट ठेवले, पण त्याविषयी काही म्हणाली नाही. मग माझ्याकडे वळून तिने विचारले, "फार थंडी होती का रे तिथे?"

शब्दार्थ

मर्म – गाभा, मुख्य अर्थ
पाणथळ – पाणी साचून राहणारी (जमीन)
निश्चल – न हलणारा, स्थिर
लव्हाळे – पाण्याकाठी वाढणारे एक प्रकारचे गवत
मागमूस – खूण, पत्ता
कृष्णधवल – काळे-पांढरे, रंगविरहित
विरह – ताटातूट, वियोग
अळणी – मीठ नसलेले, बेचव
क्रौंच – करकोच्यासारखा उंच पाणपक्षी. सारस ज्या कुळातला आहे त्या कुळातील पक्षी
माथी मारणे – (वाक्प्रचार) इच्छा नसताना एखाद्यावर लादणे

पाठगत प्रश्न १४.१

१. योग्य पर्याय निवडा.
(अ) लेखकाने पहिल्या चित्राला 'विरह' हे नाव दिले, कारण –
(१) सारसाचा जोडीदार मेला होता. (२) त्याला स्वतःच्या घरातील दुःख त्या पक्ष्यात दिसले. (३) रिक्षाचालकाने तसे सुचवले.
(आ) सरांच्या मते धुके म्हणजे –
(१) अंधार (२) विखुरलेला उजेड (३) पाऊस
२. एका वाक्यात उत्तर लिहा.
(अ) रिक्षाचालकाने चित्राची मागची बाजू का पाहिली असावी?
(आ) दुसऱ्या चित्राखाली लेखकाने काय लिहिले?

१४.२ चला, समजून घेऊ या

(अ) भाव कशातून येतो?

पाठातील सरांनी लेखकाला उपदेश केला नाही. त्यांनी प्रश्न विचारले. त्या प्रश्नांतून भावचित्राचे घटक हाती लागतात.

उजेड: कॅमेऱ्यातील मापक समोरचे दृश्य मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो. त्यामुळे धुके, बर्फ किंवा पांढरी वाळू यांचे छायाचित्र आपोआप मळकट येते, तर काळ्या म्हशीचे किंवा गव्याचे छायाचित्र फिकट येते. छायाचित्रकाराला ही चूक जाणून उजेड वाढवावा किंवा घटवावा लागतो. गडद चित्र काढणे हा दोष नाही. मात्र गडदपणा निवडलेला असावा, नकळत आलेला नसावा.

अंतर: धुक्यात लांबची वस्तू फिकी होत जाते. चित्राचा पृष्ठभाग सपाट असतो. तरी या फिकेपणामुळे त्यात खोली भासते. हीच गोष्ट सह्याद्रीच्या डोंगररांगा पाहताना अनुभवास येते. जवळची रांग हिरवी, पुढची निळसर, शेवटची आकाशात मिसळलेली.

रंग: रंग ठेवणे आणि रंग काढणे या दोन्ही निवडी आहेत. चेन्नईचे निसर्गलेखक व छायाचित्रकार एम. कृष्णन (१९१२-१९९६) यांची कृष्णधवल वन्यजीव छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. रंग नसल्यामुळे अशा चित्रांत आकार, पोत आणि छायाप्रकाश यांकडे लक्ष जाते. परंतु जेथे रंग हाच चित्राचा प्राण असतो, तेथे तो काढणे महागात पडते.

चौकट: प्राणी चौकट भरून दाखवला, की त्याचे शरीर दिसते, चौकटीत लहान ठेवला, की त्याचे जग दिसते. भोवतालच्या रिकाम्या जागेमुळे शांतता, एकटेपणा किंवा विशालता जाणवते.

(आ) निवड आणि बदल

प्रत्येक छायाचित्र ही निवड असते. उभे कोठे राहावे, कोणत्या क्षणी कळ दाबावी, चौकटीत काय यावे, हे सारे छायाचित्रकारच ठरवतो. मग पाठातील लेखकाचे काय चुकले?

जुन्या काळातील काही उदाहरणे पाहू. अमेरिकेतील जॉर्ज शिरास यांनी रात्री चमकदिव्याच्या साहाय्याने घेतलेली वन्यप्राण्यांची छायाचित्रे 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाने जुलै १९०६ च्या अंकात प्रसिद्ध केली. भारतात वनखात्यातील अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी जंगलातील वाटेवर तार लावून वाघांची छायाचित्रे घेतली. वाघाचा पाय तारेला लागला, की चमकदिवा पेटे आणि वाघ जणू स्वतःच स्वतःचे छायाचित्र काढी. त्यांचे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. चमकदिव्याने घेतलेल्या अशा चित्रांत प्राणी उजळलेला आणि मागे गडद काळोख असतो. तो काळोख कोणी रंगवलेला नसतो. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले, की प्रकाश एक चतुर्थांश उरतो. म्हणून मागचे जंगल काळे दिसते. असा काळोख म्हणजे त्या रात्रीचीच नोंद होय.

याउलट, 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर इजिप्तमधील गिझाचे पिरॅमिड उभ्या चौकटीत बसावेत म्हणून संगणकाच्या साहाय्याने एकमेकांच्या जवळ सरकवण्यात आले होते. त्यावर मोठी टीका झाली. वन्यजीव छायाचित्रणात फसवणूक संगणकाशिवायही होऊ शकते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमशी निगडित असलेल्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ चे सर्वोच्च पारितोषिक फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला मिळाले होते. तो लांडगा रानातला नसून माणसाळलेला असण्याची फार शक्यता आहे, असे परीक्षकांना आढळून आले आणि २०१० मध्ये ते चित्र अपात्र ठरवण्यात आले. चित्रात एकही रेघ बदललेली नसताना ते खोटे ठरले, कारण पाहणाऱ्याचा जो समज करून देण्यात आला, तो खरा नव्हता.

यावरून एक कसोटी हाती येते. चौकटीबाहेर काय होते हे कळल्यावर पाहणाऱ्याला आपण फसवले गेलो असे वाटेल का? लेखकाने केवळ पुढच्या सारसाचे जवळून चित्र घेतले असते आणि खाली 'सारस' असे लिहिले असते, तर ती निवड ठरली असती. परंतु त्याने जोडीदाराला पुसले आणि वर 'विरह' हे नाव दिले. सारस बहुधा जोडीने राहतात व त्यांची जोडी वर्षानुवर्षे टिकते. वाल्मीकींच्या रामायणाच्या आरंभीच्या कथेतही क्रौंचाच्या जोडीची ताटातूट आहे आणि काही अभ्यासकांच्या मते तो क्रौंच म्हणजे सारसच होय. त्यामुळे एकट्या सारसाचे चित्र आपल्याकडे केवळ चित्र राहत नाही. ती एका मृत्यूची वार्ता ठरते. ती वार्ता खोटी होती.

(इ) जिवंत प्राण्याचा विचार

भावचित्राचा ध्यास कधीकधी प्राण्यावरच अन्याय करतो. हवी ती मुद्रा मिळावी म्हणून आमिष दाखवणे, पक्ष्याच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण वारंवार वाजवणे, घरट्याजवळ जाऊन पिलांना धोक्यात आणणे, झोपलेल्या प्राण्याला उठवणे, हे प्रकार निषिद्ध मानले जातात. पाठातील रिक्षाचालक रिक्षा दूरच थांबवतात आणि बोट ओठांवर ठेवतात. चांगल्या छायाचित्राची सुरुवात या एका कृतीत आहे.

पाठगत प्रश्न १४.२

१. रिकाम्या जागा भरा.
(अ) कॅमेऱ्यातील मापकामुळे पांढरे धुके चित्रात ......... दिसते.
(आ) दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले, की प्रकाश ......... उरतो.
२. चूक की बरोबर ते लिहा.
(अ) चित्र गडद असणे हा नेहमीच दोष असतो.
(आ) संगणकावर काहीही न बदलतासुद्धा छायाचित्र दिशाभूल करू शकते.

१४.३ समीक्षा कशी लिहावी?

'चित्र छान आहे', 'मन भरून आले' ही विधाने प्रामाणिक असली, तरी त्यांना समीक्षा म्हणता येत नाही. कारण त्यांतून चित्राविषयी काही कळत नाही. समीक्षेचे तीन टप्पे असतात.

निरीक्षण: डोळ्यांना काय दिसते? उदा. 'पुढचा पक्षी गडद आहे, मागचा फिकट आहे.'
कारण: त्याचा परिणाम काय होतो? उदा. 'त्यामुळे दोघांमधील अंतर जाणवते.'
मूल्यमापन: तो परिणाम चित्राच्या आशयाला पोषक आहे का? उदा. 'म्हणून एकटेपणा न सांगताही सूचित होतो.'

सरांची समीक्षा कठोर असली तरी उपयोगी ठरते, कारण तिच्यात 'मला आवडले नाही' हे वाक्य एकदाही येत नाही. रिक्षाचालकाची समीक्षा तर एका प्रश्नात संपते. त्यांना छायाचित्रणाची परिभाषा ठाऊक नव्हती; परंतु चित्राचा विषय ते लेखकापेक्षा अधिक जाणत होते. म्हणून चित्राविषयी बोलण्याचा अधिकार केवळ तज्ज्ञांना असतो असे मानू नये. तुम्ही शेतकरी असाल तर नांगरणाऱ्या बैलांच्या चित्रातील चूक तुम्हाला आधी दिसेल. कोळी असाल तर समुद्राच्या चित्रातील.

१४.४ भाषा अभ्यास

पुढील सामासिक शब्द व त्यांचे विग्रह पाहा.

छायाप्रकाश – छाया आणि प्रकाश – इतरेतर द्वंद्व
खरेखोटे – खरे किंवा खोटे – वैकल्पिक द्वंद्व
पक्षिनिरीक्षण – पक्ष्यांचे निरीक्षण – षष्ठी तत्पुरुष
वनरक्षक – वनाचा रक्षक – षष्ठी तत्पुरुष

द्वंद्व समासात दोन्ही पदे महत्त्वाची असतात; तत्पुरुष समासात दुसरे पद महत्त्वाचे असते.

तुम्ही काय शिकलात?

• उजेड, अंतर, रंग व चौकट यांच्या जाणीवपूर्वक निवडीतून छायाचित्रात भाव निर्माण होतो. केवळ काळोख वाढवल्याने तो येत नाही.
• निवड करणे हा छायाचित्रकाराचा अधिकार आहे. पाहणाऱ्याचा खोटा समज करून देण्याचा अधिकार त्याला नाही.
• वन्यजीवाचे छायाचित्र ही कलाकृती असते, तशीच ती एका सजीवाची नोंदही असते.
• चांगली समीक्षा निरीक्षणापासून सुरू होते आणि कारण देऊन मूल्यमापन करते.

स्वाध्याय

१. 'धुके म्हणजे अंधार नव्हे' हे सरांचे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. 'माझे दुःख खोटे नव्हते. पण ते मी ज्याच्या माथी मारले, त्या पक्ष्याचे ते नव्हते.' या वाक्यांचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.
३. सर आणि रिक्षाचालक यांच्या समीक्षांची तुलना करा. लेखकावर कोणाच्या बोलण्याचा परिणाम अधिक झाला, असे तुम्हाला वाटते? का?
४. पाठाच्या शेवटी आईने विचारलेल्या प्रश्नातून काय सूचित होते?
५. पुढील शब्दांचा विग्रह करून समास ओळखा: (अ) पापपुण्य (आ) राजपुत्र
६. उपक्रम: आपल्या परिसरातील एखाद्या पक्ष्याचे किंवा प्राण्याचे छायाचित्र वर्तमानपत्रातून कापून वहीत चिकटवा. त्याविषयी निरीक्षण, कारण व मूल्यमापन या क्रमाने आठ ते दहा ओळी लिहा. त्या ओळींत 'छान' आणि 'सुंदर' हे शब्द वापरू नका.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१४.१
१. (अ) २ (आ) २
२. (अ) जोडीदार चित्रात दिसत नसल्यामुळे उरलेले चित्र मागे असावे असे जणू त्यांना वाटले. (आ) 'सारस जोडी, केवलादेव, जानेवारी २०१७'.

१४.२
१. (अ) राखाडी (मळकट) (आ) एक चतुर्थांश
२. (अ) चूक (आ) बरोबर